मासा वाचला, नदीचे काय?



एखादी प्राणिजात 'वाचली' असे केव्हा म्हणावे? प्रश्न सोपा वाटतो. तिची संख्या पुरेशी वाढली म्हणजे ती वाचली, असे उत्तर तुमच्यापैकी बहुतेक जण देतील. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे मोजमापावर माझा विश्वास आहे. तरीही ह्या प्रश्नाचे उत्तर नुसत्या मोजणीने देता येत नाही, असे माझे मत आहे. ते का, हे आपल्या पुणे जिल्ह्यातल्याच एका माशाच्या उदाहरणाने तुमच्यापुढे मांडतो. पटले नाही, तर वर्गात जरूर वाद घाला.

हा मासा म्हणजे महसीर. मराठीत त्याला खडशी असेही म्हणतात. मोठे, चकचकीत खवले, जाड ओठ, तोंडापाशी मिशांसारखे दोन जोड आणि वाहत्या पाण्याविरुद्ध पोहण्याची विलक्षण ताकद, ही त्याची ओळख. दख्खनमधील महसीराचे शास्त्रीय नाव आहे टॉर खुड्री. हे नाव दिले कर्नल विल्यम हेन्री सायक्स ह्याने. सायक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातला अधिकारी. १८२४ साली मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकीय माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. लोकसंख्या, शेती, हवामान यांची माहिती जमवता जमवता त्याने इथले पक्षी आणि मासेही टिपून ठेवले. १८३९ साली त्याने ह्या माशाचे वर्णन केले. त्याचा नमुना मिळाला होता पुण्याच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या पाण्यात.

आणखी एक गंमत पाहा. सायक्सने दख्खनच्या माशांना दिलेल्या नावांत खुड्री, कोलस, शिंगटी अशी नावे आढळतात. ही लॅटिन नव्हेत. नदीकाठचे लोक माशांना ज्या नावांनी हाका मारीत, त्यांवरूनच ती घेतलेली आहेत. म्हणजे जगातला कोणताही प्राणिशास्त्रज्ञ आजही ही नावे उच्चारतो, तेव्हा नकळत तो आपल्या नदीकाठची बोली बोलत असतो.

आता ह्या माशाचे पुढे काय झाले ते पाहू. विसाव्या शतकात आपल्या नद्यांवर धरणे झाली, बंधारे झाले. सुरुंग उडवून आणि विष कालवून मासे मारण्याचे प्रकार वाढले. महसीर झपाट्याने कमी होऊ लागला. तेव्हा, १९७० च्या सुमारास, लोणावळ्याजवळ वळवण धरणाच्या काठी टाटांच्या वीज कंपनीच्या मत्स्यबीज केंद्रात एक महत्त्वाचे काम सुरू झाले. महाराष्ट्राच्या मत्स्यखात्याचे माजी संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी श्री. ओगले यांनी ह्या माशाची अंडी, त्यांची वाढ, पिलांच्या सवयी यांचा बारकाईने अभ्यास केला आणि कृत्रिम रीतीने त्याची पैदास करण्याची पद्धत बसवली. फलित अंडी ओल्या कापसात ठेवून दूरवर नेता येतात, हेही त्यांनी दाखवून दिले. पाण्याची जड पिंपे वाहून नेण्याऐवजी कापसाचे थर! साध्या साधनांनी केलेल्या उत्तम विज्ञानाचे हे उदाहरण आहे. ह्या केंद्रातून लाखो पिले निरनिराळ्या राज्यांतील तलावांत आणि नद्यांत सोडली गेली.

त्याचे फळही दिसले. नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांची आणि वनस्पतींची 'लाल यादी' आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघ तयार करतो, हे तुम्ही वाचले असेल. तीत टॉर खुड्री पूर्वी संकटग्रस्त वर्गात होता. २०२० साली वर्तमानपत्रांत बातमी आली, की तो आता त्या वर्गातून निघून 'फारशी काळजी नाही' अशा वर्गात आला आहे. ज्यांनी पन्नास वर्षे हे काम नेटाने चालवले, त्यांना त्याचे श्रेय दिलेच पाहिजे.

मग तक्रार कसली? तक्रार अशी, की ही गोष्ट इथे संपत नाही. तिचा पुढचा भाग कावेरीच्या काठी घडला आहे.

कावेरीत एक वेगळा महसीर राहतो. त्याच्या पाठीवर उंचवटा असतो, म्हणून त्याला वशिंडाचा महसीर म्हणावे. पन्नास किलोहून अधिक वजनाचा हा मासा जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. गळ टाकून मासे धरणाऱ्या हौशी लोकांत त्याची कीर्ती शंभर वर्षांहून अधिक काळ आहे. पण त्याचे शास्त्रीय नाव काय, हेच कोणी पक्के ठरवले नव्हते. ते ठरले २०१८ साली: टॉर रेमादेवी. आणि नाव पक्के होताच तो लाल यादीच्या सर्वांत धोक्याच्या वर्गात, 'अतिसंकटग्रस्त' म्हणून दाखल झाला. बारशालाच मृत्युपत्र लिहावे, तसा हा प्रकार!

त्याच्यावर ही वेळ कशाने आली? धरणे, वाळूउपसा, सुरुंगाची मासेमारी ही कारणे आहेतच. परंतु आणखी एक कारण संशोधकांनी पुढे आणले आहे. कावेरीच्या काही भागांत मासे धरून, नोंद करून पुन्हा पाण्यात सोडण्याची पद्धत होती. १९९८ ते २०१२ ह्या काळातल्या अशा नोंदी त्यांनी तपासल्या. गळाला लागणाऱ्या महसीरांची एकूण संख्या वाढत गेलेली दिसली. वरवर पाहता आनंदाची गोष्ट! पण जाती वेगळ्या करून पाहिल्यावर ध्यानात आले, की वाढ झाली होती ती निळसर परांच्या महसीराची, आणि वशिंडाचा महसीर जवळजवळ दिसेनासा होत चालला होता. हा निळसर परांचा महसीर कावेरीचा मूळ रहिवासी नव्हता. मत्स्यबीज केंद्रातली पिले तेथे सोडली गेली होती, त्यांचा तो वंश. म्हणजे आपल्या लोणावळ्याचा पाहुणा!

ज्यांनी ती पिले सोडली, त्यांचा हेतू चांगलाच होता. महसीर कमी झाले, म्हणून महसीर सोडले; त्या काळी जातींमधला भेदही आजच्याइतका स्पष्ट नव्हता. म्हणून कोणावर ठपका ठेवण्यासाठी मी हे सांगत नाही. पण ह्यातून मिळणारा धडा मात्र विसरता कामा नये. 'महसीर किती?' एवढेच जर आपण मोजले असते, तर कावेरीची प्रकृती उत्तम आहे, असे आपले आकडे सांगत राहिले असते, आणि त्याच वेळी तिचा स्वतःचा मासा तिच्यातून नाहीसा होत गेला असता. ताप मोजायला चुकीच्या जागी लावलेला तापमापक जसा नेहमीच सुखरूप आकडा दाखवतो, तसेच हे.

असाच घोटाळा आपल्या घराजवळही होतो. 'आमच्या नदीत अजून मासे आहेत, म्हणजे नदी जिवंत आहे,' असे पुष्कळ जण म्हणतात. मासे आहेत, हे खरे, पण कोणते? आपल्या नद्यांत आणि उजनीच्या जलाशयात आज मोठ्या संख्येने सापडते ती चिलापी. हा आफ्रिकेतला मासा. भारतात तो १९५२ साली आणला गेला. कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही तो तग धरतो. त्यामुळे चिलापी दिसणे हे नदी निरोगी असल्याचे प्रमाणपत्र होऊ शकत नाही. महसीर मात्र लगेच हिशेब मागतो.

महसीराला कसले पाणी लागते? येथे माझा विषय उपयोगी पडतो. समुद्रसपाटीच्या दाबाला २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर शुद्ध पाण्यात हवेतला ऑक्सिजन जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम विरघळतो. पाणी ३० अंशांपर्यंत तापले, की हाच आकडा साडेसातच्या आसपास येतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच. इथे हवेचा दाब कमी, म्हणून त्यातूनही थोडी वजाबाकी. आता तुलना करा: आपण श्वासात घेतो त्या एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो! म्हणजे मासा आपल्यापेक्षा तीसपट गरीब माध्यमात संसार करतो. त्यातच पाणी तापले की त्याच्या शरीरातल्या क्रियांचा वेग वाढतो, म्हणजे ऑक्सिजनची गरज वाढते आणि पुरवठा मात्र घटतो. ह्या पाण्यात सांडपाणी मिसळले, तर त्यातली घाण कुजवणारे जीवाणू उरलेला ऑक्सिजनही वापरून टाकतात.

खडकांवरून फेसाळत, उड्या मारीत येणाऱ्या ओढ्यात पाण्याचा हवेशी संपर्क वाढतो आणि ऑक्सिजनची भरपाई चालू राहते. महसीराला असे पाणी मानवते ते ह्यामुळे. पावसाळ्यात नदीला पूर आला, की तो प्रवाहाविरुद्ध चढत जातो आणि गोट्यांच्या, रेतीच्या तळाशी अंडी घालतो. त्याची अंडी पाण्यापेक्षा जड असतात. ती तळाशी जाऊन गोट्यांच्या फटींत विसावतात. तेथून स्वच्छ पाणी खेळते राहिले पाहिजे. गाळ बसला, तर अंडी गुदमरतात. वाळू उपसली, तर अंड्यांचा पाळणाच गेला. वाटेत उंच बंधारा आला, तर मासा पाळण्यापर्यंत पोचतच नाही.

शिवाय आपला दख्खनचा मुलूख पर्जन्यछायेतला. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस, आणि पूर्वेस पन्नास-साठ किलोमीटर गेले की कोरडवाहू जमीन. उन्हाळ्यात नद्यांची धार तुटते आणि पाणी उरते ते फक्त डोहांत. डोह खोल असतो. ऊन वरचा थर तापवते, तापलेले पाणी हलके म्हणून वरच राहते, आणि तळचे पाणी त्या मानाने थंड असते. चार महिने डोहात काढायचे आणि पूर आला की वर चढायचे, असे महसीराचे वर्षाचे वेळापत्रक आहे. आपल्या पूर्वजांनी असे काही डोह देवाच्या नावाने राखले. इंद्रायणीवर देहू आणि आळंदी, महाडजवळ वाळणकोंड, वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे, ही ठिकाणे त्यांतल्या महसीरांसाठी प्रसिद्ध आहेत. तेथे मासा मारायचा नाही, हा नियम श्रद्धेचा. पण त्याचा परिणाम मात्र शास्त्रीय संवर्धनाचाच.

एका डोहावर सगळी जात अवलंबून असणे म्हणजे काय, हे पाहायचे तर अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यातल्या वाळवंटात जाऊ. तेथे डेव्हिल्स होल नावाचे, म्हणजे सैतानाचे विवर, खडकातले एक खोल पाणभोक आहे. त्यातले पाणी सुमारे ३३ अंशांचे. जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीचा एक निळसर पपफिश नैसर्गिकरीत्या फक्त ह्या एका जागी राहतो. पृथ्वीवर इतरत्र कोठेही नाही. पाण्याच्या कडेला एक उथळ खडकाळ पायरी आहे; तिच्यावर शेवाळ वाढते, तिच्यावरच हा मासा खातो आणि अंडी घालतो. साठच्या दशकाच्या अखेरीस जवळच्या शेतीसाठी विहिरींतून जोराने पाणी उपसले जाऊ लागले, विवराची पातळी उतरली आणि ती पायरी उघडी पडू लागली. वाद थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७६ साली न्यायालयाने निर्णय दिला, की ह्या माशासाठी लागणारी पातळी राखलीच पाहिजे आणि त्या बेताने उपशावर मर्यादा घातली पाहिजे.

ह्या निकालाचे मर्म ध्यानात घ्या. न्यायालयाने काही मासे पकडून हौदात ठेवा, असे सांगितले नाही. त्याने पाण्याची पातळी राखायला सांगितली. पुढे शास्त्रज्ञांनी विवराची हुबेहूब नक्कल असलेला मोठा हौदही बांधला, आणि तो शहाणपणाचाच उपाय आहे. कारण २०१३ साली विवरातल्या मोजणीत अवघे ३५ मासे उरले होते. पण हौद आहे म्हणून विवराचे पाणी उपसायला कोणी मोकळीक दिली नाही. हौद ही आणीबाणीची तरतूद, घर ते विवरच.

आणि आपण? आपल्याकडे 'हौद' उत्तम आहे. लोणावळ्याचे केंद्र जगात नाव मिळवण्याजोगे आहे. पण त्याच लोणावळ्याच्या डोंगरांत उगम पावणाऱ्या इंद्रायणीचे काय? आळंदीला तिच्या पात्रावर अलीकडच्या वर्षांत पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना वारकऱ्यांनी पाहिले आहेत, वर्तमानपत्रांतून छायाचित्रेही आली आहेत. स्वच्छ पाण्याचा बुडबुडा क्षणात फुटतो. साबणासारखे पदार्थ पाण्याचा पृष्ठताण कमी करतात आणि बुडबुड्यांच्या भिंती टिकवून धरतात, म्हणून फेस साचतो. तो फेस म्हणजे नदीने आपल्याला लिहून दाखवलेला प्रयोगाचा निष्कर्षच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे नोंदवले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातले, आणि त्यांत मुळाही आहे, मुठाही आहे. ज्या पाण्यातून खुड्री हे नाव जगाला मिळाले, ते हेच पाणी. यादीत मासा सुखरूप, आणि त्याचे माहेर मात्र ह्या अवस्थेत! ह्याला 'वाचला' म्हणायला माझी जीभ वळत नाही.

ह्यावर एक रास्त आक्षेप येईल. माणसांना पाणी हवे, वीज हवी; माशासाठी धरणे फोडायची का? मुळीच नाही. मीही धरणाचेच पाणी पितो, आणि हा लेख विजेच्या दिव्याखालीच लिहितो आहे. पण धरण फोडणे आणि नदी मारणे, ह्या दोन टोकांमध्ये पुष्कळ जागा आहे. उन्हाळ्यात डोह जिवंत राहतील एवढे पाणी सोडता येते. सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडता येते. ते तर माशासाठी नव्हे, खालच्या गावांतल्या माणसांसाठीही करायलाच हवे. डोहांतली वाळू न उपसण्याचा नियम पाळता येतो. आणि कोणत्याही नदीत मासे सोडण्यापूर्वी 'हा मासा ह्याच नदीचा आहे ना?' एवढे विचारता येते. ह्यांतले एकही काम चंद्रावर जाण्याइतके अवघड नाही.

दुसरा आक्षेप तुमचा असेल: आम्ही शाळेतली मुले, आम्ही काय करणार? तुम्ही मोजू शकता, आणि योग्य गोष्ट मोजू शकता. शिक्षकांनी मनावर घेतले, तर प्रत्येक शाळेला आपल्या जवळच्या ओढ्याची किंवा नदीची एक वही ठेवता येईल. महिन्यातून एकदा, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी साध्या तापमापकाने पाण्याचे तापमान घ्या. काचेच्या बाटलीत पाणी अर्धे भरून दहा वेळा जोराने हलवा आणि फेस किती सेकंद टिकतो ते लिहा. शेजारी नळाच्या पाण्याची बाटली तुलनेला ठेवा. प्रयोगशाळेत रसायने असतील, तर विरघळलेला ऑक्सिजनही मोजता येतो. धार कधी तुटली, डोहात पाणी कोठवर उरले, पहिला पूर कधी आला, हे टिपा. पाण्याजवळ जाताना मात्र शिक्षक बरोबर हवेत आणि नंतर हात साबणाने धुवायला हवेत.

ह्याच वहीत एक पान माशांच्या नावांचे ठेवा. गावातल्या भोयांना, कोळ्यांना, आजी-आजोबांना विचारा: तुमच्या लहानपणी ह्या पाण्यात कोणकोणते मासे मिळत? आता कोणते मिळतात? सायक्सनेही ही नावे अशीच लोकांना विचारून घेतली असणार. त्याच्या यादीतली किती नावे तुमच्या गावात अजून कोणाच्या तोंडी आहेत, आणि त्यांपैकी किती मासे पाण्यात आहेत, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. आधी मासा पाण्यातून जातो आणि मग पंधरा-वीस वर्षांनी त्याचे नाव बोलीतून जाते. ही मधली वर्षे म्हणजे आपल्या हाती असलेला अवधी.

अशा पाच-दहा वर्षांच्या वह्या हाती असल्या, की नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या सभेत 'नदी घाण झाली आहे' एवढेच सांगून थांबावे लागत नाही. 'अमुक साली डोहाचे तापमान एवढे होते, आज एवढे आहे. फेस एवढे सेकंद टिकतो. हे चार मासे नाहीसे झाले,' असे सांगता येते. आकड्यांना उत्तर द्यावे लागते. मोजमापाची खरी ताकद ती आहे, आणि विज्ञान शिकण्याचा तोच एक मोठा उपयोग आहे.

आणि आता सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर. खडशीचे पिलू केंद्रात जन्मले म्हणजे मासा जगला. पुराच्या पाण्यात ती आपल्याच नदीत वर चढली, आपल्याच गोट्यांत तिने अंडी घातली आणि कोणाच्याही मदतीवाचून त्यांतून पिले निघाली, म्हणजे मासा वाचला. ह्या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे, ते तुमच्या पिढीला भरून काढायचे आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी ती वही सुरू करा.